साडेसहाची रायफल आणि न ठेवलेली डहाळी

शनिवार, दिनांक २९ ऑक्टोबर २०१६ रोजी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, वाल्दिओरा गावच्या दफनभूमीत, माझा एकुलता एक मुलगा लिव्हिओ याच्या शवपेटीवर देवदाराची डहाळी ठेवण्यास गावच्या शिकारी मंडळाचे अध्यक्ष सिस्टो यांनी सर्वांदेखत नकार दिला. मृत्युपत्राची सुरुवात नाव-गावाने करावी असे वकील म्हणतो. नाव-गाव पुढे येईलच. सुरुवात ही आहे.

मी, ओंदिना प्लाझोत्ता, तार्चीझिओ यांची विधवा, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण नन्सच्या शाळेत, व्यवसाय बंदुकांच्या दुकानाची मालकीण, आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पोट नाही; पोटात जे वाढते आहे त्याकडे पाहून डॉक्टर म्हणाले की येणारा बर्फ मी पाहीनच असे सांगता येत नाही. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. मला दबावाखाली आणू शकेल असा माणूस या खोऱ्यात निघाला असता तर त्याला एकदा भेटायला मला आवडले असते. यापूर्वी मी एकच मृत्युपत्र केले होते आणि त्यात सर्व काही लिव्हिओला दिले होते. ते रद्द समजावे.

कलम पहिले. राहते घर, त्यातील सामान आणि बँकेत माझ्या औषधांतून जे उरेल ते नॉर्मा हिला द्यावे. नॉर्मा जखमी जनावरांचा माग काढणारा कुत्रा पाळते आणि बोलावले की कोणत्याही हवेत डोंगर चढते. लिव्हिओचे आणि तिचे लग्न ईस्टरनंतर व्हायचे ठरले होते. ती माझी सून झाली नाही. पण सून झालेल्या बायकांपैकी किती जणी सासूसाठी कड्यावर गेल्या, ते गावाने सांगावे. अट एकच: कुत्र्याला घरात, चुलीजवळ झोपू द्यावे.

कलम दुसरे. दुकानातील माझा लोखंड पकडायचा शेगडा, कानशी आणि मापाची साधने ज्याने दुकान चालवायला घेतले त्यालाच द्यावीत. तो स्क्रू पिळताना शिव्या देतो. ते त्याने बंद करावे. स्क्रू ऐकत नाही, गिऱ्हाईक ऐकते.

कलम तिसरे. रायफल.

लिव्हिओची एकनळी, मधून वाकवून उघडायची, साडेसहा मिलिमीटरची रायफल, दुर्बिणीसह, नॉर्माला द्यावी. दस्ता कड्यावर फुटला होता; मी तो जोडून घेतला आहे, सांधा दिसतो, दिसू द्यावा. ही रायफल मी निवडली होती. ती का निवडली हे इथे लिहून ठेवणे भाग आहे, कारण माझ्या मुलाच्या मरणाचे कारण म्हणून हीच निवड गावभर फिरवली गेली आहे.

दुकानाच्या काउंटरमागे माझे सगळे आयुष्य गेले. पुरुष रायफल निवडायला येतात तेव्हा त्यांना रानबकरा दिसत नसतो. खाली गुत्त्यात बसलेले दुसरे पुरुष दिसत असतात. आमच्या डोंगराला एकच रायफल लागते. भेकराला चालेल, बकऱ्याला चालेल, जवळ आलेल्या हरणालाही चालेल अशी. ती हलकी हवी, कारण पहाटे चढायला लागलेला माणूस कड्यावर पोचतो तेव्हा त्याचे हात थरथरत असतात. पण रायफल हलकी घेतली की काडतूसही सौम्य घ्यावे लागते. जड रायफल धक्का स्वतः गिळते. हलकी तो जसाच्या तसा खांद्यावर देते. हलक्या रायफलीत दांडगे काडतूस घातले तर दोन-चार बारांतच खांदा शहाणा होतो, आणि मग घोडा ओढायच्या आधी डोळा मिटतो. ज्याचा डोळा मिटतो तो जनावर मारत नाही, फाडतो. म्हणून साडेसहा. त्याची गोळी लांबट असते, सरळ जाते, खोल जाते, आणि माणूस शेवटपर्यंत डोळा उघडा ठेवतो. लिव्हिओने या रायफलीने मारलेली जनावरे जिथे उभी होती तिथेच पडली. नॉर्माच्या कुत्र्याला त्याच्यामागे कधी काम पडले नाही.

सिस्टो हे माझ्या नणंदेचे, डेल्फिनाचे, यजमान. तेही माझ्याच दुकानात आले होते.

"वहिनी, हलकी पाहिजे. अगदी पिसासारखी. पण गोळी अशी की भेकरापासून अस्वलापर्यंत सगळं एका बारात आडवं."

"अस्वल मारायचा परवाना मिळाला का तुम्हाला?"

"अहो, बोलायची पद्धत असते एक."

"मग बोलण्यापुरतं साडेसहा पुष्कळ आहे."

"साडेसहा? ते पोरीबाळींचं. मला तीनशेचं मॅग्नम द्या."

"ह्या वजनात ते काडतूस मी तुम्हाला विकणार नाही. महिन्याभरात डोळे मिटायला लागाल."

"तीस वर्षं शिकार करतोय मी!"

"डोळे त्याहून जुने आहेत, सिस्टो."

ते उदिने शहरात गेले आणि तिथून घेऊन आले. त्याची गोळी साडेसहापेक्षा जाड; आमच्या मंडळात ते काडतूस दुसऱ्या कुणाकडेही नव्हते, आणि ही गोष्ट त्यांनी स्वतःच प्रत्येक टेबलावर सांगितली आहे. निशाण्याच्या मैदानात त्यांच्या गोळ्या डावीकडे खाली जात. त्यांनी दुर्बीण बदलली. नाचता येईना, अंगण वाकडे.

आता डहाळीबद्दल. आमच्याकडे जनावर पडले की मारणाऱ्याने देवदाराची डहाळी मोडायची, एक तुकडा जनावराच्या तोंडात शेवटचा घास म्हणून द्यायचा आणि दुसरा आपल्या टोपीत खोचायचा. जनावर जखमी होऊन निसटले तर ते ज्याने जखमी केले त्याचे. त्याने तसे सर्वांसमोर सांगायचे, त्याच्या मागावर स्वतः जायचे, आणि ते सापडेपर्यंत टोपी उघडी, म्हणजे बिनडहाळीची, ठेवायची. शिकारी मेला की सोबती त्याच्या पेटीवर डहाळ्या ठेवतात. टोपी उघडी असताना मेला तर ठेवत नाहीत. नियम कडक आहे आणि मला तो मान्य आहे. त्याच्यात एकच खोट आहे: उघड्या टोपीची लाज इतकी मोठी की माणूस गोळी लागली असे म्हणण्यापेक्षा चुकली असे म्हणतो. चुकलेल्याला लोक हसतात, पण त्याच्या टोपीतली डहाळी कुणी काढत नाही. आणि अध्यक्षांची टोपी तर उघडी राहूच शकत नाही.

मंगळवारी, म्हणजे दफनाच्या चार दिवस आधी, लिव्हिओ आणि सिस्टो दोघे वरच्या कड्याखाली गेले होते. साडेदहाच्या सुमारास लिव्हिओचा मला फोन आला.

"आई, जेवायला थांबू नकोस. काकांनी बकऱ्यावर गोळी झाडली, लांबून. ते म्हणतात चुकला. पण इथे दगडावर रक्त आहे."

"मग त्यांना दाखव."

"हाक मारली. म्हणाले, जुनं असेल कुणाचं तरी. ते उतरले पण खाली. आत्यानं चीज-बटाट्याचा फ्रीको केलाय म्हणे."

"लिव्हिओ, तू थांब. नॉर्माला कुत्रा घेऊन येऊ दे."

"ती पलीकडच्या खोऱ्यात आहे, दुपारशिवाय पोचत नाही. आणि बर्फ येतोय, आई. तासाभरात रक्त झाकलं जाईल."

"तुझा बकरा नाही तो."

"कुणाचा तरी आहे ना? मागच्या पायानं फरफटतोय ग."

हे त्याचे शेवटचे बोलणे. दुसऱ्या दिवशी कड्यावरून पडलेला त्याचा देह घळीतून वर काढला. रायफल खाली आणली तेव्हा मी ती पोलीस सार्जंटसमोर स्वतः उघडून पाहिली. नळीत काडतूस भरलेले होते, न उडालेले, आणि नळीला बार झाल्याचा वासही नव्हता. सिस्टो म्हणाले, "त्याने बार केला, मग पुन्हा भरली. नळी बर्फाने धुतली गेली." मी फोनवरचे बोलणे सांगितले. सार्जंटने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मावशी, आईचं काळीज आहे तुमचं." माझ्या काळजाबद्दल त्याला कुणी विचारले नव्हते. अपघात म्हणून चौकशी मिटली.

आणि दफनभूमीत, फादर इलारिओंनी पाणी शिंपडल्यावर, सोबती हातात डहाळ्या घेऊन पुढे आले तेव्हा सिस्टो यांनी हात आडवा धरला. त्यांचे शब्द मी जसेच्या तसे देते.

"टोपी उघडी असलेल्याला डहाळी नाही. नियम माझा नाही, बापजाद्यांचा आहे. वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण पोराच्या हातात ते साडेसहाचं खेळणं दिलं नसतं तर बकरा जागच्या जागी पडला असता, आणि पोरगा आज इथे उभा असता."

सोबत्यांनी डहाळ्या खिशात घातल्या. ज्यांना मी त्यांची पहिली रायफल विकली ते दहा-बारा जण तिथे उभे होते. त्यांची नावे मला माहीत आहेत, त्यांनाही ती माहीत आहेत.

कलम चौथे. बर्फ वितळला की नॉर्मा दर वसंतात त्या घळीत जात होती. पहिली दोन वर्षे तळचा बर्फ उतरलाच नाही. या वर्षी उतरला. गेल्या महिन्यात तिला आणि कुत्र्याला बकऱ्याची हाडे सापडली, लिव्हिओ पडला त्याच घळीत, त्याच्या थोडी खाली. तो बरोबर मागावर होता. माकडहाडाजवळच्या हाडात तांब्याची गोळी रुतलेली होती, पुढून फुलासारखी उमललेली, मागचा भाग शाबूत.

परवा, शनिवारी, मी ती गोळी माझ्या स्वयंपाकघरात, टेबलावर, लिव्हिओच्या नळीच्या तोंडाशी धरली. शाबूत भाग आत जात नाही. नळीच्या काठावर बसून राहतो, बाटलीवर मोठे बूच बसावे तसा. ही गोळी त्या नळीतून बाहेर पडूच शकत नाही. यासाठी शाळा लागत नाही, डोळे लागतात. फादर इलारिओ होते, नॉर्मा होती, आणि डेल्फिना मला सूप द्यायला म्हणून आली होती ती दारातच उभी राहिली.

"वहिनी," ती म्हणाली, "सोडून द्या आता. मेलेलं माणूस परत येतंय का?"

"नाही. म्हणून तर त्याच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी बोलायचं असतं."

"घरात त्यांनाच जेवायला वाढायचंय मला, रोज, समोर बसून."

"मग नको बघूस. जा."

ती गेली नाही. तिने पातेले ओट्यावर ठेवले, गोळी हातात घेतली आणि स्वतः लावून पाहिली. एकदा सरळ, एकदा फिरवून. मग म्हणाली, "त्या दिवशी जेवले नाहीत ते. फ्रीको तसाच राहिला. मला वाटलं, पोराची काळजी लागलीय. पण तेव्हा लिव्हिओ पडल्याचं कुणाला ठाऊकच नव्हतं." आणि गोळी माझ्या हातात परत देऊन: "कुठे सही करू?"

म्हणून डेल्फिनाला मी या मृत्युपत्रात काहीही ठेवलेले नाही. ती साक्षीदार आहे. साक्षीदाराला वाटा दिला की उद्या कुणीही म्हणेल विकत घेतली. लोकांनी याचा दुसरा अर्थ लावू नये.

कलम पाचवे. शिकारी मंडळाची वरची झोपडी ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन माझी आहे. माझ्या वडिलांनी ती मंडळाला तोंडी वापरायला दिली होती. त्या जमिनीचे मी पुढीलप्रमाणे करते.

सिस्टो यांनी स्वतःच्या हाताने लिहावे की तो बकरा त्यांनी जखमी केला, रक्त दाखवल्यावरही ते खाली उतरले, आणि लिव्हिओ दुसऱ्याच्या जनावराच्या मागावर असताना मेला. ते त्यांनी मंडळाच्या सभेत उभे राहून, टोपी हातात घेऊन वाचावे, आणि मग लिव्हिओच्या थडग्यावर डहाळी ठेवावी. असे झाल्यास जमीन मंडळाला कायमची द्यावी. मला नुकसानभरपाई नको, खटला नको, माफी तर मुळीच नको. माफी मागणाऱ्याला हलके वाटते, आणि सिस्टो यांना हलके वाटावे अशी माझी इच्छा नाही.

असे न झाल्यास झोपडी उतरवावी, लाकूड चर्चच्या चुलीला द्यावे, आणि जमीन नॉर्माच्या नावे करावी. मग मंडळाच्या सभासदांनी पाऊस आला की आपापल्या टोपीखाली उभे राहावे.

माझ्या पेटीवर कोणत्याही शिकाऱ्याने डहाळी ठेवू नये, लिव्हिओला ती मिळाल्याशिवाय. मला थडग्यात त्याच्या शेजारी त्याच्यापेक्षा सजून पडायचे नाही.

कायद्याला हाताने लिहिलेल्या मृत्युपत्रावर साक्षीदार लागत नाहीत असे वकील सांगतो. कायदा वाल्दिओरात राहत नाही. म्हणून साक्षीदार दोन, दोघांनीही गोळी आणि नळी स्वतः पाहिलेली:

फादर इलारिओ मोरोकुत्ती, धर्मगुरू (सही)
डेल्फिना, सिस्टो यांची पत्नी (सही)

लिहून देणार: ओंदिना प्लाझोत्ता (सही)
वाल्दिओरा, सोमवार, दिनांक ३ जून २०१९

या मृत्युपत्राची एक प्रत आजच शिकारी मंडळाच्या अध्यक्षांच्या हाती देण्यात येत आहे. कलम पाचवे त्यांना मान्य आहे की नाही याचे लेखी उत्तर, स्वतःच्या अक्षरात, माझ्या घरी, शनिवार दिनांक ३१ ऑगस्ट २०१९ रोजी दुपारी बारा वाजेपर्यंत पोचले पाहिजे. तोंडी निरोप, पत्नीच्या हातचा निरोप किंवा फुलांचा गुच्छ हे उत्तर धरले जाणार नाही. त्या वेळी मी हयात नसल्यास उत्तर नॉर्माने घ्यावे आणि दफनभूमीत मोठ्याने वाचावे. लिव्हिओने त्या दिवशी कुणाची वाट पाहिली नाही. मी पाहीन, पण बारा वाजेपर्यंतच.