पाठीवर पोर घेतलेला डोंगर

प्रिय मिनिकदादा,

फोनवर मी नुसतीच "सापडले! सापडले!" असं किंचाळले आणि मग रडतच बसले. तुला धड काही कळलंच नसणार, म्हणून आता नीट लिहिते. बाबा ठीक आहेत. थंडीने पायाची बोटं काळीनिळी पडलीत, पण वाचतील. आल्यापासून सीलचा रस्सा असा ओरपताहेत, की एमिली आत्या म्हणाली, "गिडियन, समुद्रात चार सील तरी शिल्लक ठेव!"

झालं असं, की धुक्यात त्यांच्या बोटीचं इंजिन बंद पडलं. रेडिओवर एवढंच आलं, "मी 'पाठीवर पोर'च्या पायथ्याशी आहे," आणि बॅटरी गेली. सगळ्या बोटी गावासमोरच्या डोंगराकडे धावल्या. तुला माहितीये ना, नव्या मॅपसाठी डोंगरांची नावं गोळा करायचं माझं काम? जुन्या मॅपवर त्या डोंगराला कुणा परदेशी कप्तानाच्या सासऱ्याचं नाव होतं. ते काढून मी आपलं 'पाठीवर पोर' लावलं, आणि काय मिरवले होते! पण तिथे कुणीच नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नाही. लोक माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले.

मग एकदम डोक्यात आलं. आपले शिकारी डोंगराला नाव देतात ते कयाक वल्हवताना पाण्यावरून तो जसा दिसतो तसं. आणि बाबा गावासमोरच्या डोंगराला 'पाठीवर पोर' कधी म्हणालेच नाहीत, नुसतं 'तो थोरला' म्हणतात! धावत आत्याकडे गेले. ती म्हणाली, "अगं, दर खाडीत एक बाई पोर घेऊन उभी आहे. गिडियनची नि माझी आमच्या जुन्या गावासमोर!" त्या ओसाड गावापर्यंत आमची मॅपवाली टीम अजून पोचलीच नव्हती. बोटी तिकडे वळवल्या, एकीत मीही चढले. बाबा किनाऱ्यावर, उपड्या बोटीखाली. मला बघून म्हणतात, "एवढा उशीर? पत्ता तर दिला होता!"

आता खरं काय ते. धुकं असतानाच वहिनीला मुलगी झाली, आणि तू आत्याला म्हणालास, नाव ठेवायला जरा थांबतो. का थांबलास ते आम्हाला कळलं. आपल्यात गेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला देतात, मग मुलगा असो की मुलगी. काल बाबांना सांगितलं, तर वाडग्यातून मान वर करून म्हणाले, "माझं नाव? मी वापरतोय ना अजून! पोरीला दुसरं बघा म्हणावं."

तेव्हा दादा, प्लीज, दुसरं कुठलंही ठेव. आजच ठेव.

तुझीच, आणि आता आत्याही झालेली,
पिपालुक