लेन्सचं कोमट कडं

दि. ३ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, माझी लेन्स नाही. रोज पहाटे चारला पूर्वेकडे एक धूमकेतू उगवतोय, मामा, हातभर शेपटीचा. एकोणीस तारखेनंतर तो सूर्याच्या उजेडात बुडेल आणि पुन्हा यायला आठशे वर्षं लावेल. मी गच्चीवर कॅमेरा लावते आणि वीस मिनिटांत लेन्सवर दव धरतं. पुसलं की फराटे, नाही पुसलं की नुसतं धुकं. दिवसभर स्टुडिओत पासपोर्टचे चेहरे काढते. आयुष्यात एक तरी असा फोटो हवा, की ज्याला हलू नका म्हणून सांगावं लागत नाही.

तुम्ही चाळीस वर्षं इस्त्र्या दुरुस्त केल्यात. लेन्सला बाहेरून घट्ट बसेल आणि पॉवर बँकेवर जरासं गरम राहील असं कडं कराल का? लेन्सच्या घेराएवढा दोरा सोबत आहे. मामीला नमस्कार. लोभ आहेच, या खेपेला तो जरा घाईने करावा.

तुमची भाची

दि. ६ मार्च

चि. घुबडास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि जेवण अर्ध्यावर टाकून माळ्यावर चढलो. मामी खालून बोलत होती, पण तेव्हा ऐकतो कोण. खिडकीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी वाकवली, आत मायकाचा म्हणजे अभ्रकाचा पापुद्रा, त्यावर जुन्या इस्त्रीची तार, आणि आवळायला एक स्क्रू. ओलं बोट लावलं तर चर्र झालं. इस्त्रीवाल्याची परीक्षा हीच. आता दवच काय, त्याचा बापही टिकणार नाही. दुकान बंद केल्यापासून इतका मजेत गेलेला हा पहिलाच दिवस. कडं पार्सलने धाडलंय.

तब्येतीला जप, निदान दुपारी तरी झोप.

मामा

दि. ९ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

दव पळालं, आणि त्याच्या मागोमाग लेन्सच्या पुढचं प्लॅस्टिकही वितळून पळालं. काच वाचली, म्हणून मी रागावलेली नाही. पण वरची हवा इतकी तापली की फोटोत तारे पाण्यात पडल्यासारखे थरथरले. कडं आजूबाजूच्या हवेपेक्षा जेमतेम कोमट हवं, मामा. हे आवळून पाहताना तुम्हाला चटका कसा बसला नाही? दहाच पहाटा उरल्यात. तुमच्याशिवाय हे कोणाला जमेल असं मला वाटत नाही.

लोभाची ऊब असू द्या, फक्त बेताची.

तुमची भाची

दि. १४ मार्च

चि. घुबडास,
अनेक आशीर्वाद.

चटका बसला नाही, कारण तीन वर्षं झाली, माझ्या बोटांची टोकं बधिर आहेत. दुकान त्यामुळेच बंद केलं. घरात सांगितलं की गिऱ्हाईक उरलं नाही. तुझं पत्र मामीच्या हाती पडलं. ती रागावली नाही. माझं एकेक बोट दाबून पाहत राहिली आणि मग म्हणाली की कोमट हे खातं तिचं आहे. दोन पोरांचं दूध तिने मनगटावर थेंब टाकूनच पाजलंय.

आता कडं तिच्या मनगटावर. मी तार लांबवतो, म्हणजे आच कमी होते, आणि ती मान हलवते. तुझ्यासारख्याच गारठ्यात तपासायला हवं म्हणून चार पहाटा आम्ही अंगणात बसलो, दिव्याखाली माना घालून. अकराव्या खेपेला तिने होकार दिला. इतकी कडक तपासनीस असती तर दुकान पहिल्याच वर्षी बुडालं असतं. कडं सोबत आहे.

मामा

दि. १९ मार्च

ती. मामा व मामीस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर गोड मानून घ्या. कडं पोचलं तेव्हापासून दोन पहाटा ढग होते. आज शेवटची, आणि आभाळ लख्ख. दीड तास कॅमेरा चालू. कठडा ओला, माझे केस ओले, लेन्स कोरडी ठणठणीत. शेपटीचे दोन पदर वेगवेगळे आलेत. स्टुडिओचे मालक समोरचं गिऱ्हाईक तसंच बसवून बघायला उठले. पहिली प्रत तुमची. तुम्हाला तर अंगणातून तो चार पहाटा समोरच दिसला असेल. कसा वाटला, ते सविस्तर लिहा.

भरपूर लोभासह,
तुमची भाची

दि. २२ मार्च

चि. घुबडास,
दोघांचे अनेक आशीर्वाद.

चित्र काल आलं आणि सोबत तुझा प्रश्नही. आम्ही धूमकेतू पाहिलाच नाही. चार पहाटा तो समोर पूर्वेला होता आणि आम्हा दोघांपैकी एकालाही मान वर करायचं सुचलं नाही. मामी हसून हसून खाली बसली. तरी आज पहाटे अंगणात जाऊन आलो; पूर्व नुसती उजळत होती.

मग दिवा लावून तुझं चित्र दोघांच्या मध्ये ठेवलं. मामीने चष्मा पुसून मला दिला आणि शेपटी कुठे संपते ते मनगटाने दाखवलं, कारण तिची बोटं पिठाची होती. मला रडू आलं, ते तुला सांगायला लाज वाटत नाही. धूमकेतू आम्ही असा पाहिला.

लोभ आहे तसाच राहू दे.

मामा