ताकाचा तांब्या

रविवार, संध्याकाळ. गंगाखेड

आमच्या हॉटेलचे मॅनेजरसाहेब घरी जेवून पुण्याला परत गेले. ताकाचा तांब्या ओट्यावर भरलेलाच राहिला होता.

हॉटेलात मीच गिऱ्हाइकांना सांगतो, झणझणीत मटणासोबत रेड वाइन नको, तिखट आणखी झोंबतं. आज साहेबांनीच बाटली आणली, तर नको म्हणायची हिंमत झाली नाही. आईनं तांब्या पुढे केला, तोही मीच बाजूला सारला. साहेबांना ठसका लागला आणि मी त्यांच्यासमोर बोललो, "आई, किती तिखट केलंस!" तिचा मटणाचा रस्सा तर नेहमीसारखाच होता. का बोललो असं?

मघाशी भांडी घासता घासता आई म्हणाली, "चुकलंच बाबा माझं. पुढच्या बारीला कमी टाकते. आता तरी ताक घे."

ताक प्यायलो. चूक वाइनची होती, माझी होती, हे तरीही तोंडातून निघालं नाही.