शेगडीपासून दूर ठेवायचा डफ

सनंदज,
एस्फंद महिन्याची दहा तारीख

चिरंजीव गेलावेज हिला काकाचे सलाम, आणि काकूची दुआ, जी माझ्या सलामापेक्षा अधिक कामाची असते असे तिचे म्हणणे आहे.

आम्ही खुशाल आहोत. बर्फ वितळू लागला आहे. गल्लीत चिखल आणि काकूच्या गुडघ्यात कळ, दोन्ही वेळेवर आले. तुझा बाप शरद ऋतूपासून आमच्याकडेच राहतो, हे तुला ठाऊक आहे. प्रकृती दणकट आहे. परवा सकाळी तो नान घेऊन आला, आणि चहा होतो न होतो तोच पुन्हा जाऊन तेवढेच नान घेऊन आला. काकू म्हणाली, "भाऊजी, घरात लग्न काढलंत की काय?" तोही हसला. आम्ही नंतर शिळे नान खाल्ले. इतर सर्व ठीक.

तुझे पत्र मिळाले. त्यातला संताप तुझ्या बापाचा आहे. युक्तिवादाची पद्धत मात्र माझी आहे, कारण ती तू माझ्याच जाजमावर बसून शिकलीस. तू लिहितेस, की शक्यता दोनच आहेत: एक तर तुझा गोंद कच्चा होता, नाहीतर तुझ्या बापाने तुझा डफ मुद्दाम फाडला. गोंदाबद्दल तुला खात्री आहे. म्हणून बाप दोषी. माझे उत्तर आले नाही, तर गुरुवारी दर्वेशांच्या खानकाहमध्ये येऊन भर मजलिशीत तू त्याला खोटारडा म्हणणार आहेस. त्याच मजलिशीत शेख माझा निर्णय विचारणार आहेत. म्हणून हे पत्र तुझ्या करमानशाहला जाणाऱ्या बसच्या चालकाच्या हाती देतो. फोनवर हे बोलता येणार नाही. आमचा फोन बैठकीत आहे, आणि तुझा बाप तिथेच बसलेला असतो.

तुझे नुकसान मी कमी लेखतो असा संशय तुला राहू नये. खानकाहने आपले सगळे डफ तुझ्याकडच्या कृत्रिम पडद्याने मढवून घ्यायचे ठरवले होते. नमुन्याचा पहिलाच डफ उरुसाच्या दिवशी फुटला, आणि या शहरात कातड्याचे डफ मढवणारा सर्वांत जुना कारागीर, म्हणजे तुझा बाप, सर्वांसमोर म्हणाला, "गोंद कच्चा आहे." ते ऐकून मरिवान आणि सक्कझच्या खानकाहांनीही हात आखडता घेतला. तुझा कारखाना बंद पडण्याच्या बेतात आहे, आणि तुझ्या हाताखालच्या मुलींना नवरोजनंतर येऊ नका असे सांगण्याची वेळ आली आहे. हे सर्व मला मान्य आहे.

फुटलेला डफ मी शेखांकडून मागून घेतला, आणि तपासल्यावाचून बोलणार नाही असे त्यांना सांगितले. गोंद कच्चा असता, तर पडदा कडेने अलगद सुटला असता आणि लाकूड स्वच्छ राहिले असते. इथे पडद्याच्या कडेला लाकडाचे तंतू चिकटून आले आहेत. म्हणजे गोंद सुटला नाही, लाकूड सोलले गेले. शिवाय एका बाजूने पडदा आक्रसून दुधी झाला आहे, आणि घेराला तेवढ्याच भागात करपल्याचा डाग आहे. पडद्यावर गरम हवा बेतानेच फिरवावी लागते, कारण एकदा प्रमाणाबाहेर आकसला की तो पुन्हा सैल होत नाही, हे तूच मला एकदा समजावले होतेस. निष्कर्ष उघड आहे: हा डफ शेगडीवर धरला होता. तुझा गोंद निर्दोष आहे, आणि गुरुवारी मी ते स्पष्ट शब्दांत सांगेन.

आता तुझे दुसरे विधान.

तुझ्या बाजूने पुरावा आहे, तो मी लपवणार नाही. तू कातडे सोडून प्लास्टिक हाती घेतलेस, तेव्हा तो शेजारीपाजारी सांगत फिरला होता, "पोरगी दह्याच्या डब्याचं झाकण वाजवते." मी मध्यस्थी म्हणून डफाची व्याख्या मांडली: लाकडी घेर, आत कड्या, वर ताणलेला पडदा, पडदा बोकडाच्या कातड्याचाच असावा असे त्यात कुठेही नाही. तो म्हणाला, "मुल्ला, तुझ्या व्याख्येत चाळणीपण बसते." त्या दिवसापासून तुम्ही दोघे एकमेकांशी बोलला नाहीत, आणि मी अजून चाळणीला उत्तर शोधतो आहे.

उरुसाच्या दिवशी हवा ओली होती. कातड्याचे सगळे डफ ढिले पडले होते आणि दर्वेश ते शेगडीभोवती धरून तापवत बसले होते. तुझा तेवढा खुंटीवर होता. शेखांनी तुझ्या बापाला सांगितले, की त्या डफाला आग दाखवायची नाही. तो म्हणाला, "आग नको, म्हणजे लाडही नकोत. असला पाहुणा परवडतो." सगळे हसले. तेव्हा त्याला सूचना मिळाली होती, समजली होती, आणि तिच्यावर त्याने विनोदही केला होता. थोड्या वेळाने त्यानेच तो डफ खुंटीवरून काढला आणि शेगडीवर धरला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो.

जो एखादी गोष्ट घातक आहे हे जाणून ती करतो, तो ती हेतुपूर्वक करतो. तुझा बाप जाणत होता. म्हणून त्याने हेतुपूर्वक केली. अनुमान निर्दोष दिसते.

मघाशी लेखणी खाली ठेवावी लागली. तुझा बाप आत आला होता. त्याची आरी कुठे ठेवली, असे विचारत होता. आरी त्याच्या हातात होती. मी म्हणालो, "ही काय." त्याने तिच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "ही नव्हे." मग बराच वेळ उभा राहिला.

वर मी लिहिले, की इतर सर्व ठीक. ते विधान मागे घेतो.

तुझ्या अनुमानात एक पायरी गाळलेली आहे. तो जाणत होता. पण त्या क्षणी जाणत होता का? त्याने डफ खुंटीवरून काढला, तेव्हा त्याचा अंगठा घेराच्या आतल्या बाजूला गेला. तिथे तुझी खूण आहे, डाग देऊन उमटवलेला तारा. तशीच खूण तू तुझ्या पहिल्या डफावर चोरून उमटवली होतीस, घेर जाळलास म्हणून बोलणी खाल्ली होतीस, आणि तो डफ नंतर त्याने कोणालाही विकू दिला नव्हता. त्याने अंगठ्याने तारा चाचपला. मग डफ शेगडीवर धरून हलक्या हाताने फिरवू लागला आणि मला म्हणाला, "गेलावेजचा आहे. शाळेतून येईल आता. ढिला सापडला, तर रुसते."

मला डफ काढून घेता आला असता. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. तेवढ्यात पडदा फुटला.

तो हातातल्या चिंध्यांकडे पाहत राहिला. आधी त्याने मला हळूच विचारले, "हे कसलं कातडं रे?" मग तो भानावर आला, ते मला त्याच्या डोळ्यांत दिसले. मग मोठ्याने म्हणाला, "गोंद कच्चा आहे."

ते खोटे होते, आणि त्याने ते जाणून म्हटले. तुझा बाप खोटे बोलला, हा तुझा आरोप एवढ्यापुरता सिद्ध आहे. त्याच्या वतीने क्षमा मागण्याचा अधिकार मला नाही.

गुरुवारी मी गोंदाबद्दल बोललो, की शेख विचारतील: शेगडीवर कोणी धरला? नाव सांगून थांबलो, तर सारे शहर तुझ्यासारखाच निष्कर्ष काढेल: म्हाताऱ्याने मुलीच्या हेव्याने केले. कारणही सांगितले, तर जिक्राच्या नामघोषात डफवाल्यांच्या ओळीच्या टोकाला त्याची जी जागा आहे, जिथल्या ठेक्यावर दर्वेशांचा श्वास चालतो, तिथून त्याला त्याच दिवशी उठवतील. हेवेखोर ठरावे की विसराळू, यांपैकी काय पत्करशील, असे मी त्याला विचारले नाही. त्याचे उत्तर त्याने त्या दिवशी शेगडीजवळच दिले आहे: विसर लपवायला त्याने खोटे पत्करले.

तरीही मी पूर्ण सत्य सांगणार आहे. अर्धे सांगणे तुझ्यावर अन्याय आहे, आणि त्याच्यावर त्याहून मोठा. फक्त मी बोलत असताना तो एकटा बसलेला नसावा. मजलिशीत तू ये; पण जमावासमोर उभी राहू नकोस, त्याच्या शेजारी बस.

त्यासाठी बुधवारी घरी ये. तारा उमटवलेला एक डफ बरोबर आण. तो तुला ओळखेल की नाही, आणि ओळखलेच तर कितव्या वर्षाची म्हणून, हे मी सांगू शकत नाही. माझ्या तर्कशास्त्रात त्याला साधन नाही. डफ त्याच्या हाती दे. अंगठा ताऱ्यावर गेला, की तो उठून शेगडीकडे निघेल. त्याला अडवू नकोस, रागावू नकोस. शेगडीच्या आणि त्याच्या मधोमध मी बसलेला असेन.

तुझा काका
रऊफ