पूर्वीचे आजार: हो / नाही

३ फेब्रुवारी

व्हिसा आला! आईचाही, माझाही. आई बराच वेळ पासपोर्ट निरखत होती, मग म्हणाली, "फोटोत मी चिडलेली दिसते." चिडलेलीच होती. मावशी नवऱ्याच्या नोकरीपायी समुद्रापार गेली त्याला एकतीस वर्षं झाली. तेव्हापासून दोघी बहिणींचा एकच वाद: आधी कोणी यायचं? आई म्हणते, मी थोरली, तिने यावं. मावशी म्हणते, मी लांब पडले, ताईने बघायला यावं. शेवटी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आई नमली. गुडघे अजून नमत नाहीत.

निघायचं २० तारखेला. आता उरला फक्त प्रवास विमा.

४ फेब्रुवारी

कचेरीत तीन कंपन्यांच्या अटी छापून घेतल्या. छायाचित्रकार म्हणाला, "पंडित, एवढं तर तू जाहीरनामेही वाचत नाहीस." जाहीरनाम्यात अपवाद नसतात, वाचायचं काय? विम्यात पहिल्या पानावर सूत्र आणि पुढची चाळीस पानं त्याचे अपवाद. संस्कृतात एम.ए. करून वार्ताहर झालो, तेव्हा लोक हळहळले होते. आज ती पदवी पहिल्यांदा उपयोगी पडली.

दुपारी जिन्यात बुटाची नाडी बांधायला दोन मिनिटं बसलो. पँटला धूळ कशी, असं आईने विचारलं, तेव्हा तिलाही तेच सांगितलं. बाकी विशेष नाही.

६ फेब्रुवारी

संध्याकाळी आईला अटी वाचून दाखवल्या. लहानपणी ती माझ्याकडून पाठांतर करून घ्यायची तशीच बसली होती, चष्मा कपाळावर, बोट ओळीवर.

"'पार्थिव स्वदेशी आणण्याचा खर्च', हे काय?"

"तिकडे काही झालं तर कंपनी परत आणते."

"मेल्यावर? फुकट? आणि जिवंतपणी जायला ही एवढी खटपट!"

तीन कंपन्यांपैकी एक सामानाची फार काळजी घेते, माणसाची बेताचीच. दुसरी सत्तरीपुढच्यांना दारातूनच नमस्कार करते. तिसरी जुने आजारही सांभाळते, पण ते आधी खरेखरे कळवले तरच. लपवलेलं आढळलं तर एक छदाम नाही. तिसरी ठरली. कालिंदीच्या डोहातून निघालेल्या कृष्णासारखा मोकळा झालो.

९ फेब्रुवारी

विमावाल्या बाई अर्ज घेऊन घरी आल्या. आईचं प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर: नाही.

"गुडघे?"

"ते वय आहे, आजार नव्हे."

"आणि साखर?"

"ती चहात असते."

मी म्हटलं, आमच्या कचेरीत एकाच्या सांगण्यावर बातमी छापत नाहीत, दोन ठिकाणांहून खात्री करून घेतात. आणि कपाटातून तिची औषधांची फाइल काढली. बाईंना हसू आवरेना. आईने फाइलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सगळीकडे 'हो' लिहायला लावलं. "लिहा. घरातच हेर पाळलाय मी."

मग माझं पान. नऊ प्रश्न, नऊ 'नाही', अर्ध्या मिनिटात काम फत्ते. आई दाराजवळ काढून ठेवलेल्या माझ्या बुटांकडे बघत होती. बाई परवा सही न्यायला येणार.

१० फेब्रुवारी

नवी बॅग आली. आईने मावशीला फोनवर बजावलं, "विमानात खिडकी माझी आहे." जणू मावशी शेजारी बसणार होती!

११ फेब्रुवारी

सकाळी चहा देता देता आई म्हणाली, "चार तारखेला जिन्यात काय करत होतास?"

"नाडी बांधत होतो."

"तुझ्या बुटांना नाड्या आहेत कुठे?"

छायाचित्रकाराला तिने काल फोन केला होता. तो म्हणाला, पंडित घामाने भिजला होता, छाती धरून बसला होता. मग औषधाच्या दुकानात गेली. तिथे कळलं, जळजळीच्या गोळ्या महिन्यात चौथ्यांदा नेल्यात.

"दोन ठिकाणांहून खात्री झाली," आई म्हणाली. "आता छापू का?"

या वहीशीही मी खोटं बोललो होतो. वही काय, ती बुटांकडे बघत नाही. इथे लिहून टाकतो: जानेवारीपासून हे तिसऱ्यांदा झालं. वीस तारखेपर्यंत कळ काढायची, आईला मावशीपुढे उभं करायचं, मग काय ते बघू, असा माझा बेत.

अर्ज पुढ्यात घेतला. छातीत दुखण्याविषयीच्या चौथ्या प्रश्नातला 'नाही' खोडला. सही न्यायला आलेल्या बाई म्हणाल्या, साहेब, आता डॉक्टरांचं पत्र लागेल.

१३ फेब्रुवारी

पत्र मिळालं नाही. यंत्रावर चालायला लावलं, तिसऱ्या मिनिटाला थांबवलं. लगेच अँजिओग्राफी केली: हृदयाची मोठी रक्तवाहिनी बरीच बंद आहे. अठराला ती उघडणार. तीन महिने विमानाचं नाव काढायचं नाही.

मी विचारलं, "हे परत आल्यावर नाही का करता येणार?"

डॉक्टर म्हणाले, "परत यायचंय ना?"

घरी येऊन आईने मावशीला फोन लावला. "मी येत नाही. पोराचं हृदय उघडतायत," एवढंच बोलली आणि फोन ठेवला. मग नव्या बॅगेतले आपले कपडे काढून माझे भरले, इस्पितळासाठी. घड्या नेहमीसारख्याच चोख.

एकतीस वर्षं थांबलेली बाई आणि मी तिला आणखी काही आठवडे थांबवायला घाबरत होतो.

१७ फेब्रुवारी

इस्पितळ, खोली चार. संध्याकाळी दारात आई आली. मागे दुसरी एक पांढऱ्या केसांची बाई, हुबेहूब आईच्या पासपोर्टमधल्या फोटोसारखी चिडलेली. विमानतळावरून थेट.

"मावशी, प्रवास विमा काढलास?"

"ताईकडे यायला कसला विमा?" म्हणाली, आणि माझ्या पायाशी बसून दोघी एकदमच रडायला लागल्या.