कराकोलच्या बाजारात डुलांचा कस

माझ्या थोरल्या, कडक आणि मायाळू सायकाल ताईला धाकट्या आसान्कुलचा वाकून सलाम.

तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला? तांबडी घोडी अजून फक्त भावोजींनाच चावते, की आता सगळ्यांना सारखंच लेखते? इकडे मी ठीक. सरोवरही ठीक. पहाटे त्यावर असं दुधाळ धुकं असतं की पलीकडचे डोंगर पाण्याला न टेकता नुसतेच तरंगताना दिसतात. मी चहा घेऊन बघत बसतो आणि चहा निवतो. (हे वाचून तू कपाळावर हात मारणार, ठाऊक आहे. म्हणूनच फोन केला नाही. फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस. हे पत्र गाडीवाल्या जिरगालच्या हाती देतोय, आणि ताईंचा चहा झाल्याशिवाय काढू नकोस असं त्याला बजावलंय.)

तर डूल. तुझा हुकूम असा की रविवारी इथे कराकोलला येऊन बेगीमायच्या कानात तू आपल्या एर्मेकच्या नावाचे डूल घालणार, सोयरीक पक्की होणार, आणि या खेपेला सोनं सोनंच असलं पाहिजे. थोरल्या सुनेच्या वेळी तू नारिनच्या गाडीतळावर एका गोडबोल्याकडून घेतलेस ते तिसऱ्या दिवशी हिरवे पडले, पोरीचे कान वाफेवरच्या मांटीच्या उंड्यासारखे टरारून फुगले, आणि तिची आई अजून दर लग्नात तुला 'पितळेचा कारखाना कसा चाललाय?' म्हणून विचारते. बेगीमायची आई तर त्याहून तिखट. डूल खोटे निघाले तर पोरगी देणार नाही, हे तिने आधीच ऐकवलंय. एर्मेकने जेवण टाकलंय म्हणतात. एवढं सगळं माझ्या डोक्यावर! जन्मभर हवामान केंद्रात बसून ढग नोंदवले मी. ढग खोटे निघत नाहीत ग, हा त्यांचा मोठा गुण. सोन्यातलं मला ओ की ठो कळत नाही.

बाजारात सोन्याच्या रांगेत शेवटचं दुकान जिपारचं. नवरा वारून बरीच वर्षं झाली, दुकान एकटीच चालवते. बाई फटकळ. मी गल्ल्यासमोर उभा होतो आणि मागे डोंगरावर एक सुरेख ढग पांगत होता, तेव्हा म्हणाली, "सोनं घ्यायला आलात की पाऊस सांगायला?" मी खिशातलं लोहचुंबक काढलं. तिने ते असं काही पाहिलं की मला आपली लहानपणची शाळा आठवली. "ते ठेवा आत. पितळ त्याला चिकटत नाही, तांबं चिकटत नाही. लोहचुंबक फक्त मूर्ख चोर पकडतं."

मग तिने मला शिकवलं. भिंगातून छाप बघायची. छापही खोटी मारतात, म्हणून छापेवर थांबायचं नाही. चहाच्या पियाल्याच्या बुडाला चकाकी नसते, तिथे हळूच घासायचं. सोनेरी रेघ उठली तर ठीक, काळी उठली तर दुकानदाराला रामराम. डुलाचा आकडा वाकतो तिथे बारकाईने बघायचं, मुलामा आधी तिथेच झिजतो आणि आतलं तांबं डोकावतं. आणि जो घाई करतो, भाव पाडून देतो, 'आजच घ्या' म्हणतो, त्याच्याकडून फुकट मिळालं तरी घ्यायचं नाही. हे एका दिवसात शिकवून झालं नाही. एक जोड मला पसंत पडला होता, चंद्रकोरीखाली लालसर थेंब असलेला. तोच मी रोज जाऊन तपासत होतो. एकदा तिने डूल पाण्यात तोलून दाखवायला कटोरा भरला. पाण्यात आभाळ उतरलं होतं, दुकानाच्या छपरातून आलेलं उन्ह त्यात हलत होतं आणि तिचा हात त्या उन्हातून जात-येत होता. तोल काय आला ते मी ऐकलंच नाही ताई. भानावर आलो तेव्हा शेजारची दुकानं मिटली होती आणि ती माझ्याभोवतीने झाडत होती.

आता काल घडलं ते. मी विचारलं, कान सुजले तर? शेजारी सूर्यफुलाच्या बिया विकणारी म्हातारी तोक्तोबूबू म्हणाली, जिपारचा कान म्हणजे कसोटीचा दगड, खोटं लागलं की घटकेत लाल होतो. जिपार तेव्हा दातांच्या पावडरीने चांदीच्या बांगड्या उजळत होती, हात पांढरे झालेले. तिने मान वळवली, रुमाल सारला आणि म्हणाली, "घाला तुम्हीच." मी घातले. एक या कानात, एक त्या कानात. मन सगळं आकडा नीट बसतो की नाही याकडे. कान लाल झाला नाही. माझा झाला.

एकदम सगळी रांग आमच्याकडे वळली. आपल्यात भर लोकांत बाईच्या कानात डूल घालण्याचा अर्थ काय, हे मला सांगायला कोणी हवं का? पण माझं डोकं आकड्यात! तोक्तोबूबू उठली, दोन्ही हात पसरून दुवा मागितली, तोंडावरून हात फिरवले आणि पलीकडच्या दुकानातली मूठभर गोळ्या-चॉकलेटं आमच्या डोक्यावर उधळली. कसाई येऊन माझ्या पाठीत थाप मारून गेला. मी म्हणालो, अहो, हे भाच्याच्या होणाऱ्या बायकोसाठी आहेत! ते ऐकून तर लोक पोट धरधरून हसायला लागले.

जिपार मात्र हसली नाही. हलक्या आवाजात म्हणाली, "चूक झाली असेल तर काढा. तुमच्या हाताने घातलेत, तुमच्याच हाताने काढा." मी हात वर नेला ताई. खरंच नेला. डावा डूल जरा तिरका बसला होता, तो सरळ केला आणि हात खाली घेतला.

भावोजींना सलाम, एर्मेकला म्हणावं जेव.

तुझा,
आसान्कुल

ता. क. जिरगालच्या हाती पुडकं आहे, त्यात बेगीमायसाठी दुसरा जोड आहे. जिपारने निवडलाय, माझ्याहून कितीतरी बरा. घास, भिंगातून बघ, पाण्यात बुडव. कुणाच्या कानात घालून मात्र बघू नकोस.

ता. क. दुसरा. पहिला जोड खरा आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आज तिला म्हणालो, तुला तरी रीत ठाऊक होती, मान कशी वळवलीस? म्हणाली, "आठवडाभर एकच जोड तपासायला येणाऱ्या माणसाचं काय दुखतंय, ते मला कळत नाही होय?"

ता. क. शेवटचा, आणि पत्र खरं याच्यासाठी. तिची थोरली जाऊ म्हणते, पुरुषाने घातलेलं धरायचं नाही. मुलाकडची बाई यायला हवी, नाहीतर तो नुसता दुकानातला माल. शनिवारपर्यंत कोणी आलं नाही, तर जिपार डूल उतरवून गल्ल्यात ठेवणार आहे. मी घरात एकट्यापुरता चहा करून कंटाळलोय ताई. रविवारी येणारच आहेस, तर एक दिवस आधी ये. आधी तिच्या कानात डूल घाल, आणि मग खुशाल माझा कान धर.