आयुधपूजेच्या दिवशी कॉम्प्युटर झोपेना

बोगादी, म्हैसूर
दसऱ्यानंतरचा गुरुवार

ती. वन्संना सरोजाचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे, भावोजींची साखर आणि अंगणातली ती मारकी गाय, सगळं आटोक्यात असेल अशी आशा करते. (मायन्यापुरतं 'वन्सं' आणि 'तुम्ही'. सासूबाईंना दिलेला शब्द पाळला. आता तू वनजा आणि मी सरोजा.)

तुला आठवतं, कॉन्व्हेंटमध्ये जेवणानंतर सिस्टर सगळ्या वर्गाला बाकावर डोकं टेकून झोपायला लावायच्या? तुझ्या वेण्यांना खोबरेल तेलाचा वास यायचा आणि तू एक डोळा उघडून माझ्या डब्यात काय उरलंय ते बघायचीस. सिस्टर म्हणायच्या, डोळा उघडा असला तर ती झोप नव्हे, तो लबाडपणा. ह्यांच्या कॉम्प्युटरला वेळेवर अशी एखादी सिस्टर भेटली असती तर मला आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

रविवारी रघू तुझ्याकडे हुणसूरला येतोय. चकल्या पोचवायला आलो, म्हणेल. विश्वास ठेवू नकोस. बाबांचा कॉम्प्युटर भंगारात द्यायला आत्याची हरकत नाही ना, हे विचारायला येतोय. माझ्या 'नाही'ला ह्या घरात पंख्याच्या आवाजाइतकीही किंमत राहिलेली नाही. पण तू बाबांची सख्खी बहीण, तुझा शब्द तो मोडायचा नाही. म्हणून आधी माझी बाजू ऐक. (पत्र चकल्यांच्या डब्याच्या तळाशी ठेवलंय. तू आधी डबा रिकामा करतेस आणि मग माणसाला 'बस' म्हणतेस, हे मला ठाऊक आहे.)

हे गेल्यावर वर्षभर आपण सण केला नाही. यंदा मी पुन्हा पायऱ्यांवर दसऱ्याच्या बाहुल्या मांडल्या, आयुधपूजेला आजोबांची तलवार देवघरात काढली (तीच, जिच्या मुठीने तू गूळ फोडायचीस आणि मार मी खायची), ह्यांची स्कूटर धुतली, कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली. पूजा झाली की दुसऱ्या दिवशीपर्यंत आयुधाला कामाला लावायचं नाही, हे तुला सांगायला नको. मी त्याला रीतसर झोपवलं, तेवढं ह्यांनी मला शिकवलंय. खोलीचं दार ओढून घेतलं आणि पुरणाच्या होळिगे लाटायला बसले, तर आत घुर्र! पंखा सुरू आणि दाराच्या फटीतून निळा उजेड. वर्षातून एक दिवस विश्रांती मिळते, तीही ह्या आगाऊ वस्तूला नको! थोड्या वेळाने आपोआप झोपला. पुन्हा उठला. पाहुणे आले की मग तर हमखास. (पाहुणे आले की मला झोप येते, ती गोष्ट वेगळी.)

रघू हेब्बाळच्या कंपनीत म्हणे अख्ख्या मजल्याचे कॉम्प्युटर सांभाळतो. आल्या आल्या म्हणाला, "आई, सेटिंग बघू दे की, दोन मिनिटांचं काम." मी म्हटलं, "काम? आज?" म्हणाला, "मग प्लग तरी काढतो." प्लग काढणं म्हणजे काय आराम का? सूनबाई नव्या म्हणाली, "अत्ते, अपडेट येत असेल." सणाच्या दिवशी न बोलावता येतं, त्याला आमच्या लहानपणी वेगळं नाव होतं. तेवढ्यात शेजारची पावनी बाहुल्या बघायला आली, देवघरात जाऊन तलवारीच्या पाया पडली, आणि आत पुन्हा घुर्र! ती दचकून म्हणाली, "अय्यो सरोजाक्का, दत्तोजीरावांचा जीव अडकलाय हो त्यात!" झालं. रघूचं तोंडच उतरलं. संध्याकाळी मला म्हणतो, "जुनं झालंय ग ते, झोप लागत नाही त्याला. आमच्या कंपनीत जुन्या सामानाची गाडी येते, तिच्यात देऊन टाकू." मलाही झोप लागत नाही, वनजा. मलाही बसवा त्या गाडीत!

तेव्हा त्याला स्पष्ट सांग, दादाची वस्तू घराबाहेर जायची नाही. रडू आलं तर थोडं रड, त्याला बायकांचं रडणं सहन होत नाही.

तुझीच,
सरोजा

ता. क. कारण सापडलं. ह्यांच्या वेळी माऊसला वायर होती. सूनबाईने मागे बिनवायरचा आणून दिला. एवढं धूड देवघरात कुठे न्यायचं, म्हणून यंदा मी त्या माऊसलाच कॉम्प्युटरचा प्रतिनिधी म्हणून तलवारीशेजारी बसवलं, गंध-फूल वाहिलं. विजयादशमीला उचलायला गेले, तर पलीकडच्या खोलीत घुर्र! म्हणजे आल्यागेल्याने तलवारीला हात लावला, माऊसला लावला, मग डोळ्यांना. अख्खी गल्ली पाया पडत असताना तो झोपणार कसा? पावनीने तर दोनदा नमस्कार केला. रघू देवघराच्या उंबऱ्याबाहेरूनच हात जोडतो, म्हणून त्याला माऊस दिसला नाही.

आणखी ता. क. हे रघूला कळू देऊ नकोस. माऊस हलला तरी कॉम्प्युटर उठू नये अशी सोय सेटिंगमध्ये असते, असं तो नव्याला सांगत होता. त्याला कळलं तर तो ती करून टाकेल. माऊस मी देवघरातच ठेवलाय. संध्याकाळी देवाला दिवा लावते आणि त्याला एक बोट लावते. ह्यांच्या खोलीत उजेड येतो, पंखा घुरघुरतो. मी स्वयंपाकघरातून ओरडते, अहो, पुरे झालं आता, पानं घेतली. थोड्या वेळाने बंद होतो. ह्यांच्यापेक्षा लवकर ऐकतो.

सगळ्यात शेवटी: मोठ्या डब्यातल्या चकल्या तुझ्या. कोडबळी भावोजींची, दातांना झेपतील तेवढीच. होळिगे शेजारीपाजारी वाटून टाक, यंदा पुरण सैल झालं. रघूला पोटभर वाढ, वरून दहीभात दे, आणि मग 'नाही' दे. कारण कोणालाच देऊ नकोस.